विजयमालेच्या कौलाची हकीकत

श्रीनिनाईदेवी समर्थ.

मौजे हरणमाळ, नजीक माधवनगर, प्रांत सांगली, येथील समस्त दहाजणांनी देवळाचे पायरीवर बसोन लिहिणारास मागणी केली ऐसी जे, शके अठराशे सहासष्ट, तारणनाम संवत्सरी, भाद्रपद वद्य पक्षी आपले गावी जो प्रसंग गुजरला त्याची तकरार अद्याप मिटत नाही. एक म्हणतो उजवी पाकळी आधी पडली, दुसरा म्हणतो डावी, आणि लग्नाच्या पंगतीत हाच वाद निघोन वाढलेले वरण निवोन जाते. तरी जे घडले ते साद्यंत लिहावे, कोणाची भीड धरू नये. त्याजवरून ही हकीकत लिहिली असे. पदरचे काही घातले नाही. जेथे सांगणारांत मतभेद पडला तेथे दोघांस समोरासमोर बसविले, आणि दोघेही हट्टास पेटले तेथे मास्तरांचे कुटुंब मनुबाई यांस विचारिले.

राजश्री नाथाजीराव मास्तर हे हरणमाळच्या शाळेचे एकटे मास्तर, म्हणजे चारी इयत्तांचे सुभे एका हाती. शरीराने किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, परंतु मनसुबा थोर. त्यांचे चित्ती बहुत दिवसांपासून ऐसे की, आपण एक गोष्ट लिहावी, ती छापोन यावी, आणि खाली आपले नाव असावे. तो काळ मोठा कठीण. विलायतेस लढाई पेटली आणि तिची झळ हरणमाळच्या दौतीपर्यंत आली. कागदावर कंट्रोल, रॉकेल चिठ्ठीवर, आणि शाईची पूड माधवनगराहून आणावी तर जी निळी म्हणोन मिळे ती वाळल्यावर हिरवी होई. तथापि नाथाजीराव डगमगले नाहीत. शाळेच्या पेटीत जुन्या परीक्षांचे पेपर होते, त्यांची पाठ कोरी होती, तीवर त्यांनी मोहीम मांडिली. म्हणोन त्या ग्रंथाचे पान उलटिले की एका अंगास नायिकेचे लावण्य आणि दुसऱ्या अंगास अपूर्णांकांची बेरीज, दहापैकी दोन गुण, ऐसा प्रकार दिसे.

तेव्हा सातारियास एक मासिक निघत असे. त्याचे संपादक राजश्री लालासाहेब, स्वभावे करडे, आणि दुसऱ्याच्या लिहिण्यावर कात्री चालविण्यात नामांकित. त्यांस नाथाजीरावांनी पहिली वीस पाने नकलून रवाना केली. मग महिन्याने लालासाहेबांचे कार्ड आले आणि त्यात हुकूम येणेप्रमाणे की, गोष्ट दिवाळी अंकास घेऊ. सबंध गोष्ट शेवटासुद्धा घटस्थापनेपावेतो हाती यावी. न आल्यास ती जागा केसांच्या तेलाच्या जाहिरातीस दिली जाईल. कार्ड वाचोन नाथाजीरावांस आनंद मावेना. साखर रेशनवर, सबब आळीत गूळ वाटिला. चाळिसावे वर्ष उलटले, आजवर इन्स्पेक्टरापासून सासऱ्यापर्यंत सर्वांनी त्यांस नको म्हटले होते, आणि आता प्रथमच कोणी घेऊ म्हणाले, त्या एका शब्दावर त्यांचा सारा जीव टांगला. ते कार्ड मनुबाईंनी देव्हाऱ्यात बाळकृष्णाचे मागे ठेविले.

गोष्ट ऐसी की, विजयमाला म्हणोन एका सरदाराची कन्या, निजावयास चांदीच्या पायांचा पलंग, सेवेस सात दासी, आणि तिजला ताप. हा ताप नागपंचमीचे दिवशी एकतिसाव्या पानावर चढला आणि तेथे मोहीम अडली. विजयमालेस जगवावे की मारावे हे नाथाजीरावांस ठरेना. प्रथम मारावयाचे योजिले आणि चार ओळींत मारिली. परंतु आपणच रडू लागले, अश्रूंनी शाई फुटली, आणि ते पान वाया गेले. मग जगवावयाचे योजिले. एक वैद्य आणविला, त्याने मात्रा उगाळून चाटविली, आणि विजयमाला तत्काळ उठोन हसली. ते वाचोन पाहता इतके खोटे वाटले की नाथाजीराव एकटेच बसले असता लाजले, आणि वैद्यास आल्या वाटेने परत धाडिले. मग काही काळ दम खावा म्हणोन कृष्णेवरील चांदणे वर्णावयास घेतले. ते चांदणे दहा पाने पडले आणि एकेचाळिसाव्या पानावर मावळले, तरी ताप होता तेथेच.

पुढे बेचाळिसावे पान कोरे. कोऱ्या पानासारखा चिवट गनीम नाही. तो हलत नाही, बोलत नाही, आणि समोर बसल्या बसल्या शिकस्त देतो. नाथाजीरावांनी टाकाचे निब बदलिले. बैठक ओसरीवरून माडीवर नेली, माडीवरून गोठ्यात नेली, आणि म्हैस बघत राहते या सबबीने परत ओसरीवर आणिली. मग दौत घासली, चष्म्याचा दोरा नवा बांधिला, भिंतीवरील कॅलेंडर सरळ केले. ऐसे करिता पितृपंधरवडा तोंडावर आला आणि अमावास्येस पंधरा दिवस उरले. अमावास्येची मोटार गाठिली तरच बाड घटस्थापनेस सातारियास पोचणार होते. नाथाजीरावांच्या तोंडचे पाणी पळाले आणि ते जेवता जेवता पानाकडे पाहोन जगू दे का मरू दे, ऐसे पुटपुटू लागले.

त्यांचे कुटुंब मनुबाई या अक्षरशत्रू, परंतु व्यवहारात मास्तरांस चार वेळा विकोन आणितील ऐशा. त्यांनी बारा दिवस हे पुटपुटणे सोसले. तेराव्या दिवशी, वद्य द्वादशीस, एक नारळ आणि पसाभर तांदूळ घेऊन, नवऱ्यास ताकास तूर लागू न देता, थेट निनाईचे देवळी कूच केले.

येथे कौलाचा दस्तूर लिहिणे जरूर. हरणमाळात मनुष्यास काही उमगेनासे झाले की निनाईस विचारितात. केरबा गुरव झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवोन देवीच्या दोन खांद्यांस चिकटवितो. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. पाकळी लागली की कोणी शिंकावयाचे नाही, वारा घालावयाचा नाही, आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्याचा प्रश्न घ्यावयाचा नाही. हा कायदा केरबाच्या पणज्यापासून चालत आला, आणि केरबा एरवी सैल मनुष्य असला तरी या कायद्यात पाटलासही सवलत देत नसे.

केरबाने प्रथम पितृपंधरवड्याची हरकत काढिली. मनुबाई म्हणाल्या की दुखण्यास पंधरवडा कळत नाही. मग केरबाने रिवाजाप्रमाणे जबानी घेतली. रोगी कोण? विजयमाला. कोणाकडील? आमच्याच घरची. काय होते? नागपंचमीपासून ताप. काय विचारावयाचे? राहती का जाती एवढेच. यात मनुबाईंनी अक्षराचेही खोटे सांगितले नाही. केरबाने गाऱ्हाणे घातले, पाकळ्या लाविल्या, आणि सारी मंडळी श्वास रोखून बसली. दुपार झाली, दिवस मावळला, परंतु दोहोंतील एकही पाकळी पडली नाही.

ही खबर वणव्यासारखी गावात पसरली. मास्तरांचे घरी कोणी तरणी पोर तापाने पडली आहे, दीड महिना आत ठेविली आहे, आणि निनाईससुद्धा तिचे उमगेना. दुसरे दिवशी सकाळी दारी गर्दी जाहली. बायांनी भाताची पेज आणिली. जमादार चांदसाहेब हे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, छातीवर तीन बिल्ले, त्यांनी पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून आणोन जपलेल्या, तापावरच्या कोयनेलच्या सहा गोळ्या रुमालात बांधोन आणिल्या, आणि ओसरीवर ताठ उभे राहोन रोगी दाखविण्याची मागणी केली. नाथाजीराव तेव्हा चांदण्याच्या पानांत एक चकोर घालीत होते. हकीकत कानी पडताच त्यांची पाचावर धारण बसली. मनुबाईंकडे पाहिले तो त्या शांतपणे शेंगा निवडीत होत्या.

मग नाथाजीरावांनी आत जाऊन बाड आणिले, दोन्ही हातांवर धरून गर्दीपुढे केले, आणि मान खाली घालोन कबुली दिली की, विजयमाला ती हीच, कागदावर आहे, आणि यापरते तिचे कोठे वास्तव्य नाही. पेज आणणाऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिले. चांदसाहेबांनी बाड हाती घेतले, चार पाने उलटिली, लावण्य पाहिले, अपूर्णांक पाहिले, आणि बराच विचार करोन म्हणाले, "कागदावर आसंना का, मास्तर. ताप तर चढलाय न्हवं?" आणि गोळ्यांचा रुमाल बाडावर ठेविला.

नाथाजीराव धावत देवळी गेले आणि कौल काढोन घ्यावा ऐसी अर्जी केली. केरबाने ती तत्काळ फेटाळिली. त्याचा निवाडा ऐसा की, लागला कौल काढिला तर देवीस खोटे पाडिल्याचा दोष येईल. मास्तरांनी बाई कशाची केली हे देवी बघून घेईल, गुरवाने पाकळी बघावी. शाळा त्याच देवळाच्या ओवरीत भरत असे. पोरे शिंकतील या धास्तीने केरबाने शाळेस सुटी दिली, आणि पोरांनी विजयमालेस उदंड आयुष्य चिंतिले.

मग गावचा विचार पडला की, देवीस उत्तर सुचत नाही याअर्थी तिजला हकीकत पुरी ठाऊक नसावी, तरी मास्तरांनी सारी गोष्ट देवळात वाचावी. त्रयोदशीस दोन प्रहरी वाचन जाहले. विजयमालेच्या रूपवर्णनास मंडळींनी माना डोलविल्या. सात दासींची नावे आली तेव्हा काहींनी बोटे मोजिली. पुढे चांदणे पडू लागले, आणि दुसऱ्या पानास उजवी फळी झोपली, पाचव्यास डावी, आणि आठव्यास खुद्द केरबा गुरव समईस टेकोन घोरू लागला. नाथाजीरावांनी दहाही पाने वाचिली. आपल्या चांदण्यात फौजेची फौज पडलेली पाहोन त्यांस जे वाटले ते शत्रूसही वाटू नये.

जागे जाहल्यावर गावात दोन तट पडले. जगविणारांचे सेनापती चांदसाहेब. त्यांचे म्हणणे की, बसऱ्याच्या दवाखान्यात याहून भारी तापाची माणसे उठोन परेडला आलेली त्यांनी स्वतः पाहिली, तेव्हा सात नोकर दिमतीस असता ही मरते म्हणजे बंदोबस्तात कसूर आहे. मारणारांचे सेनापती जोतिबा पैलवान, वय साठ, कानाच्या पाळ्या कुस्तीत मोडलेल्या. त्यांचे म्हणणे की, पंधरवड्यात मेली तर थेट स्वर्गास जाईल, आणि मरणावाचून गोष्ट म्हणजे मिठावाचून कालवण. परंतु अंदरकी बात निराळी होती. पैलवानांची बायको दोन वर्षांमागे वारली, तेव्हा लोक काय म्हणतील म्हणोन त्यांस रडता आले नाही. गोष्टीत कोणी मेले तर चारचौघांत रडता येईल आणि कोणी कारण विचारणार नाही, ऐसा त्यांचा पोटातला हेतू होता. हे त्यांनी मागाहून लिहिणारास सांगितले आणि लिहिण्यास परवानगी दिली.

दोन्ही तटांचे सरदार नाथाजीरावांस आळीपाळीने गाठू लागले. चांदसाहेबांनी तापाचा तक्ता आखोन दिला. पैलवानांनी मरताना म्हणावयाची चार वाक्ये सुचविली, त्यांत एक कुस्तीसंबंधी होते. मास्तरांची गत इकडे आड तिकडे विहीर. पाकळ्या जशाच्या तशा, पान कोरे, आणि अमावास्या एका दिवसावर आली.

चतुर्दशीस सांजेस नाथाजीराव पाटावर बसोन भाकरीस हात लावीनात. तेव्हा मनुबाईंनी तवा उतरविला आणि म्हणाल्या, "आवं, येकेचाळीस पानं झाली. सगळी जनं तिच्याबद्दल बोलत्यात. ती बाई एक सबूद तरी बोलली का? मुकी हाय व्हय?"

नाथाजीरावांनी बाड काढिले आणि पहिल्यापासून पाने चाळिली. विजयमालेने अकरा वेळा निःश्वास टाकिला होता, सहा वेळा गवाक्षातून पाहिले होते, आणि एक वेळ मूर्च्छा आली होती. बोलली कोठेच नव्हती. हे पाहोन मास्तरांस घाम फुटला. जिचे तोंड उघडिले नाही तिजला मारावयास निघालो आणि देवीसही कामास लाविले, ऐसे वाटोन त्यांनी बाड मिटिले. भाकरी मात्र खाल्ली. मग दिवा होता तोवर विजयमालेस बोलते करू पाहिले, तो ती बोले ते सारे शाळेतल्या चौथ्या बुकातले. एकदा तर तिने ईश्वरास संबोधोन तीन वाक्ये म्हटली आणि ती तिन्ही मास्तरांनीच पोरांस पाठ करविलेली निघाली. सारी खोडिली.

अमावास्या उजाडली. मोटार तिसरे प्रहरी देवळापुढील चिंचेखाली येऊन लागे आणि सांगलीस जाऊन सातारच्या मोटारीस टपाल देई. तीवर हाकणार बादशहा. पेट्रोल लढाईस गेले होते, सबब मोटार कोळशाच्या ग्यासवर चाले. मागे लोखंडी भट्टी, तीत कोळसा पेटवोन भाता फिरवावा लागे आणि अर्धा पाऊण तास घामाघूम झाल्यावर यंत्र एकदा खोकत असे. बादशहाने भाता फिरविण्यास आरंभ केला आणि सर्वांस जाहीर केले की भट्टी तापली की थांबणार नाही. नाथाजीराव बाड, टाक, दौत घेऊन देवळाचे पायरीवर बसले. ओवरीत दोन्ही तट समोरासमोर, आत देवी, तिचे खांद्यांस सुकत आलेल्या पाकळ्या, आणि भात्याचा आवाज.

तेथे खांबाआड रंगूबाई बसल्या होत्या. वय पन्नाशीचे, हातात शेंडी असलेला नारळ. तीन दिवस त्या येत होत्या आणि मास्तरांस वाटले होते की गोष्ट ऐकावयास येतात. आज मास्तरांचे लक्ष नारळाकडे गेले आणि त्यांनी तो कशास म्हणोन विचारिले. रंगूबाईंचा थोरला धुळा ब्रह्मदेशच्या लढाईवर होता. ज्येष्ठापासून त्याचे पत्र नव्हते. पोरगा आहे का नाही, एवढे निनाईस विचारावयास त्या द्वादशीलाच निघाल्या होत्या, आणि देवळी येतात तो पाकळ्या विजयमालेच्या नावे लागल्या होत्या. त्या कोणास काही बोलल्या नाहीत. नंबर मागे म्हणोन मागे बसल्या.

हे उमगले तेव्हा नाथाजीरावांस जमीन दुभंगेल तर बरे ऐसे जाहले. नसलेल्या बाईच्या तापासाठी असलेल्या बाईचा प्रश्न चार दिवस अडविला. ते उठोन केरबाकडे गेले आणि हात जोडिले, केरबाने कायदा सांगितला. मग रंगूबाईंपुढे येऊन उभे राहिले आणि क्षमा मागण्याऐवजी तोंडातून भलतेच निघाले. विचारिले की, मावशी, तुमचा कौल डावा पडला तर काय कराल? विचारिले आणि जीभ चावली.

रंगूबाई रागावल्या नाहीत. पदराने नारळ पुसला आणि म्हणाल्या, "उजवं का डावं त्ये मागनं बघू, मास्तर. घरात सून हाय, मी रडाया बसले तर ती कुनाकडं बघंल? सांज झाली की आदी चूल पेटवायची हाय."

नाथाजीराव तसेच मागे वळले. मग पायरीवर परत आले, टाक बुडविला, आणि बेचाळिसाव्या पानावर चाल केली. पहिले शब्द हिरवे उमटले. निब अडले, ते दगडावर घासले. एक शब्द खोडिला, तोच पुन्हा लिहिला. मागे भाता चालू, पुढे चांदसाहेब घड्याळ पाहताहेत, पैलवान ओठ हलवीत मरणाची वाक्ये म्हणताहेत, आणि मधे मास्तर, चष्मा नाकावर, मानेवर घाम. ऐसे अर्धी घटका युद्ध जाहले आणि विजयमालेचे एक वाक्य कागदावर आले. ते आले तशी मागील पाने उघडोन नाथाजीरावांनी एका फटक्यात सातही दासींस बडतर्फ केले आणि चांदीचा पलंग सरकारजमा केला, कारण ज्या बाईने ते वाक्य उच्चारिले तिजपाशी या वस्तू असणे शक्य नव्हते. मग पुढील दीड पान कोणी न ढकलिता आपल्या पायांनी चालत आले. शेवटी टिंब दिले.

गावाने हुकूम केला की वाचल्यावाचून बाड मोटारीत जाणार नाही. बादशहाने भट्टी तापली म्हणोन शिंग वाजविले, परंतु तोही भाता सोडोन पायरीपाशी आला. नाथाजीराव उभे राहोन वाचू लागले. विजयमाला पडली आहे. उशाशी वैद्य आणि नातलग बसोन राहती का जाती याचा खल करीत आहेत. दिवस कलला आहे. तेव्हा तिने डोळे उघडिले आणि प्रथमच बोलली, "जगायचं का मरायचं त्ये मागनं बघू, आदी मला उठवा, चूल पेटवायची हाय."

पुढे विजयमाला भिंत धरोन चुलीपर्यंत गेली, तीन वेळा थांबली, फुंकर घातली, जाळ लागला, आणि उजेड भिंतीवर आला. गोष्ट तेथे संपली. ताप उतरला की नाही हे लिहिले नव्हते.

इतक्यात एक मोठा आवाज जाहला. प्रथम वाटले मोटारीचे यंत्र लागले. पाहतात तो जोतिबा पैलवान. खांबास डोके लावोन, दोन्ही पंजे तोंडावर धरोन ते रडत होते, आणि साठ वर्षांचा तो देह गदगदा हलत होता. कोणी मेले नव्हते, एक बाई चूल पेटवीत होती एवढेच, परंतु पैलवानांस आवरेना. चांदसाहेब शत्रुपक्षाचे असोन उठोन गेले आणि पाठीवर हात ठेविला. केरबाने पाणी दिले. बाया, पोरे, बादशहा, झाडून सारे गाव पैलवानांकडे पाहात राहिले.

ऐसे जाहल्यावर केरबा देवीकडे वळला आणि त्याचे हातचा तांब्या पडला. देवीचे खांदे मोकळे. दोन्ही पाकळ्या पायांशी, एकीवर एक, मधोमध पडल्या होत्या. कोणती आधी पडली हे कोणी पाहिले नाही. चार दिवस आणि तीन रात्री दीडशे डोळे पाळतीवर होते, आणि ज्या क्षणी उत्तर आले त्या क्षणी सर्वांची देवीकडे पाठ होती. केरबाचे मत की ज्याअर्थी झेंडूची वरची पाकळी अंमळ डावीकडे कलली होती त्याअर्थी उजवी आधी. जोतिबांच्या तटाचे मत उलट. लिहिणाराने हे सारे तपासले, आणि कोणाची भीड न धरिता लिहितो की, ठाऊक नाही.

नाथाजीराव बाड बांधोन रंगूबाईंपाशी गेले. त्या म्हणाल्या, "ह्ये माजं बोलनं हाय न्हवं?" मास्तरांनी चोरी कबूल केली. रंगूबाईंनी त्यांस अंमळ शरमू दिले, मग म्हणाल्या, "आसू दे. तिला लागंल तेवढं घ्या." केरबा पाकळ्या भिजवोन बोलावू लागला तो त्यांनी उद्यावर ठेविले, कारण सांज होत आली होती. दुसरे दिवशी घट बसल्यावर त्यांचा कौल लागला. केरबाने हात मागे घेतला न घेतला तोच उजवी पडली, आणि ती पंचवीस जणांनी पाहिली. या कौलाविषयी तकरार नाही.

मग आश्विन वद्य पक्षी, दिवाळीचे तोंडावर, बादशहाची मोटार टपाल घेऊन आली. त्यात एक पाकीट ब्रह्मदेशचे, सरकारी शिक्क्याचे, आणि एक पुडके सातारचे. नाथाजीरावांचे हात पुडक्याकडे गेले आणि थांबले. आधी पाकीट फोडोन रंगूबाईंस आणि सुनेस पायरीवरच वाचोन दाखविले. धुळ्याच्या पायास जखम, दवाखान्यात आहे, जेवतो, आणि घरच्या म्हशीचे काय जाहले ते विचारितो. रंगूबाईंनी पत्र सुनेकडे दिले. सुनेने ते वाचता येत नसता हाती घेऊन बराच वेळ पाहिले.

मग पुडके सोडिले. लालासाहेबांचे कार्ड आत होते, मजकूर ऐसा की, कागदाची टंचाई, सबब गोष्ट आखूड केली आहे. नाथाजीरावांनी पान उघडिले. त्रेचाळीस पानांची गोष्ट चार पानांत आणिली होती. लावण्य गेले. निःश्वास अकराही गेले. कृष्णेवरील चांदणे चकोरासुद्धा कापले गेले, आणि त्या जागी खाली केसांच्या तेलाची जाहिरात बसली होती. नाथाजीरावांनी चांदणे मागील पानांतही शोधून पाहिले. मग बोट फिरवीत शेवटच्या पानावर आले, आणि तेथे विजयमालेचे वाक्य होते. लालासाहेबांच्या कात्रीने त्यास स्पर्श केला नव्हता. जसे पायरीवर लिहिले तसे, शब्दास शब्द, काळ्या शाईत उभे होते. खाली नाव, नाथाजी मास्तर, हरणमाळ.

गावाने सबंध गोष्ट पुन्हा वाचविली. चांदण्यावाचून कोणासही झोप आली नाही. वाक्य आले तेव्हा मंडळींनी थांबवोन तीन वेळा वाचविले, आणि तिन्ही वेळा रंगूबाई आपलेच बोल नव्याने ऐकावे तशा ऐकत राहिल्या. जोतिबा पैलवान या खेपेस घरी जाऊन रडले. मनुबाईंनी अंक हाती घेतला, उलटा की सुलटा हे विचारोन घेतले, आणि देव्हाऱ्यात कार्डाशेजारी ठेविला.

येणेप्रमाणे शके अठराशे सहासष्ट, तारणनाम संवत्सरी, राजश्री नाथाजीराव मास्तर यांनी नागपंचमीपासून अमावास्येपर्यंत झुंजोन कोऱ्या कागदाचे मुलुखात एक वाक्य काबीज केले. फौजेत एक टाक, एक दौत. रसद मनुबाईंची, कुमक रंगूबाईंची. नुकसान, दहा पाने चांदणे, सात दासी, एक पलंग. कोयनेलच्या सहा गोळ्या खर्ची पडल्या नाहीत, त्या जमादार चांदसाहेबांस परत केल्या, पोच घेतली असे. मुलूख गेला, गड राहिला. अंक आला त्याचे दुसरे दिवशी सकाळी शाळा भरण्याचे आधी नाथाजीरावांनी जुन्या परीक्षेचा एक पेपर काढिला, अपूर्णांक खाली घातले, कोरी बाजू वर केली, आणि मनुबाईंस हाक मारून विचारिले की, बोला, ही नवी बाई काय म्हणते?